चलन एक, तिजोऱ्या एकवीस

१ जानेवारी २०२६ रोजी बल्गेरियाने आपले लेव्ह हे चलन सोडून युरो स्वीकारला आणि युरो वापरणाऱ्या सदस्य देशांची संख्या २१ झाली. बदलाचा दर होता एका युरोला १.९५५८३ लेव्ह. आकडा आडवळणी वाटतो, पण जर्मनीतल्या जुन्या माणसांना तो तोंडपाठ असेल. १९९९ मध्ये जर्मन मार्क युरोत विलीन झाला तेव्हाचा दरही हाच होता, दशांश चिन्हानंतरच्या पाचव्या अंकापर्यंत हाच. १९९७ च्या सुरुवातीला बल्गेरियात महागाईने थैमान घातले, बँका बुडाल्या, स्वतःच्या नोटांवरचा लोकांचा विश्वास उडाला. तेव्हा सरकारने लेव्ह थेट मार्कला बांधून टाकला. पुढे मार्क गेला, युरो आला, गाठ तशीच राहिली. म्हणजे आपले व्याजदर आपण ठरवण्याचा हक्क बल्गेरियाने जवळजवळ तीन दशकांपूर्वीच सोडून दिला होता. २०२६ मध्ये नोटा बदलल्या, आणि व्याजदर ठरवणाऱ्या मंडळात पहिल्यांदाच एक जागा मिळाली.

युरोची सगळी कथा थोडीफार अशीच आहे. दुसऱ्याच्या मजबूत चलनामागे फरफटत जाण्यापेक्षा त्या चलनात भागीदारी मागितलेली बरी, असे ज्यांना वाटले त्यांनी युरो मागितला. ज्यांचे चलन मजबूत होते त्यांनी भागीदारी दिली, पण अटी घालून.

दुसऱ्या महायुद्धानंतर बहुतेक चलने डॉलरला आणि डॉलर सोन्याला जोडलेला होता. ऑगस्ट १९७१ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष रिचर्ड निक्सन यांनी डॉलरच्या बदल्यात सोने देणे थांबवले आणि जगभरचे विनिमय दर हेलकावे खाऊ लागले. पश्चिम युरोपातले देश एव्हाना एकमेकांशी जकात न लावता व्यापार करत होते. शेतमालाचे भावही त्यांनी मिळून ठरवले होते. अशा बाजारात एका देशाने चलनाचे अवमूल्यन केले की शेजाऱ्याच्या शेतकऱ्याचे गणित बिघडायचे. लक्झेंबर्गचे पंतप्रधान पिएर व्हर्नर यांनी १९७० मध्येच एक अहवाल देऊन दहा वर्षांत चलन एक करण्याची योजना मांडली होती. तेलाचे भाव भडकले आणि ती बासनात गेली. १९७२ मध्ये विनिमय दर एका अरुंद पट्ट्यात ठेवण्याचा प्रयोग झाला. त्यातून फ्रान्सच दोनदा बाहेर पडला. १९७९ मध्ये फ्रान्सचे अध्यक्ष जिस्कार देस्तँ आणि पश्चिम जर्मनीचे चॅन्सलर हेल्मुट श्मिट यांनी पुन्हा मोट बांधली. ही युरोपीय चलन व्यवस्था मात्र टिकली.

ती टिकली खरी, पण तिच्यात सगळे सारखे नव्हते. जर्मन लोकांनी १९२३ ची महागाई भोगली होती, त्यामुळे त्यांची मध्यवर्ती बँक, फ्रँकफर्टची बुंडेसबँक, सरकारला न जुमानता चलन आवळून धरायची. मार्क घसरत नसे. फ्रँक आणि लिरा घसरू नयेत म्हणून पॅरिसला आणि रोमला फ्रँकफर्टच्या मागोमाग व्याजदर वाढवावे लागत, मग त्यांच्या देशात मंदी असो की बेकारी. बुंडेसबँक पाहायची फक्त जर्मनीकडे, परिणाम भोगायचे सगळ्यांनी. फ्रान्सला सामाईक चलन हवे होते ते मुख्यतः या जाचातून सुटण्यासाठी. युरोपीय आयोगाचे अध्यक्ष जॅक देलोर यांच्या समितीने एप्रिल १९८९ मध्ये त्याचा आराखडा दिला. नोव्हेंबरमध्ये बर्लिनची भिंत पडली, दोन जर्मनी एक होणार हे दिसू लागले आणि आराखड्याला एकदम जोर आला. एवढा मोठा जर्मनी युरोपात घट्ट बांधलेला असावा, असे फ्रान्सचे अध्यक्ष मित्राँ यांना वाटत होते आणि चॅन्सलर हेल्मुट कोल यांनाही ते पटत होते. एकीकरणाच्या बदल्यात मार्क, असा लेखी सौदा कुठे झाला नाही. पण मार्क सोडण्याची तयारी जर्मनीने त्या काळात दाखवली नसती तर पुन्हा केव्हा दाखवली असती, याची मला शंका आहे.

७ फेब्रुवारी १९९२ रोजी नेदरलँड्समधल्या मास्त्रिख्त शहरात करारावर सह्या झाल्या. जर्मनीच्या अटी त्यात स्पष्ट दिसतात. नवी मध्यवर्ती बँक बुंडेसबँकेसारखी स्वायत्त असेल आणि भाव स्थिर ठेवणे हे तिचे पहिले काम असेल. ती सरकारांना कर्ज देणार नाही. एका देशाचे कर्ज दुसरा देश फेडणार नाही. आणि ज्याला यायचे त्याची वित्तीय तूट जीडीपीच्या ३ टक्क्यांच्या आत, सरकारी कर्ज ६० टक्क्यांच्या आत असावे. या ३ टक्क्यांची जन्मकथा गंमतीची आहे. १९८१ मध्ये मित्राँ सरकारला खर्चाच्या मागण्या परतवून लावायला एखादा सोपा नियम हवा होता. अर्थखात्यातल्या तरुण अधिकाऱ्यांनी फार सिद्धांत न उगाळता ३ टक्के हा आकडा काढून दिला, असे त्यांच्यातल्याच एकाने पुढे जाहीरपणे सांगितले. दहा वर्षांनी तोच आकडा आंतरराष्ट्रीय करारात जाऊन बसला आणि आज त्यावरून सरकारे पडतात.

कराराची शाई वाळायच्या आत पहिला दणका बसला. एकीकरणाच्या खर्चामुळे जर्मनीत महागाई वाढू लागली म्हणून बुंडेसबँकेने व्याजदर चढे ठेवले, आणि बाकीच्यांची दमछाक सुरू झाली. १६ सप्टेंबर १९९२ या एका दिवसात बँक ऑफ इंग्लंडने व्याजदर १० वरून १२ टक्क्यांवर नेला, १५ करण्याची घोषणा केली, आणि संध्याकाळी ब्रिटन स्थिर विनिमय दरांच्या त्या व्यवस्थेतून बाहेर पडला. पौंडाविरुद्ध पैज लावणारे जॉर्ज सोरोस त्या व्यवहारात सुमारे १०० कोटी डॉलर कमावून गेले. लिराही बाहेर फेकला गेला. यातून ब्रिटनने धडा घेतला की अशा भानगडीत पडू नये. फ्रान्स आणि जर्मनीने नेमका उलटा धडा घेतला: वेगवेगळी चलने आहेत तोवर सट्टेबाज असे हल्ले करणारच, तेव्हा चलने नकोतच.

१ जानेवारी १९९९ रोजी ११ देशांनी आपले दर युरोशी कायमचे जखडले. ग्रीस २००१ मध्ये आला. तीन वर्षे युरो फक्त हिशेबात होता. खिशात आला १ जानेवारी २००२ रोजी, बारा देशांत एकाच दिवशी. त्या नोटा नीट पाहण्यासारख्या आहेत. एका बाजूला खिडक्या आणि दरवाजे, दुसऱ्या बाजूला पूल. ऑस्ट्रियाचे रॉबर्ट कालिना यांनी ते काढले, आणि अट अशी होती की पूल कुठल्याही देशातला असता कामा नये. पाच युरोवर रोमन काळाच्या धाटणीचा, पाचशेवर आधुनिक, पण सगळेच काल्पनिक. फ्रान्सचा पूल छापला तर इटली रुसणार. मोत्सार्ट छापला तर जर्मनांचा बाख कुठे, हा प्रश्न येणार. नेदरलँड्समधल्या स्पायकेनिस नावाच्या गावाने पुढे सात नोटांवरचे सातही पूल नोटांतल्याच रंगांत खरोखर बांधून टाकले! नाण्यांत तडजोड वेगळी निघाली: एक बाजू सगळ्यांची, दुसरी ज्या त्या देशाची.

या नोटांमागे काय नव्हते, हे मात्र सुरुवातीपासूनच जाणकारांना दिसत होते. कॅनडात जन्मलेले अर्थतज्ज्ञ रॉबर्ट मंडेल यांनी १९६१ मध्ये प्रश्न विचारला होता की एक चलन किती मोठ्या प्रदेशाला मानवते. वेगवेगळ्या भागांत एकाच वेळी वेगवेगळी संकटे आली तर माणसे एका भागातून दुसरीकडे सहज जाऊ शकली पाहिजेत, किंवा मजुरी आणि भाव लवचीक हवेत, किंवा मग भरभराटीच्या भागाकडून पडत्या भागाकडे पैसा जाण्याची सोय हवी. भारतात रुपया मुंबईतही तोच आणि पाटण्यातही तोच आहे, आणि त्याचे ओझे बिहारला पेलवते कारण मागे दिल्लीची तिजोरी आहे. केंद्रीय कर आहेत आणि त्यांतला कोणाला किती वाटा हे ठरवणारा वित्त आयोग आहे. महाराष्ट्र यावर कुरकुरतो, पण देतो. युरोपात अशी तिजोरी नाही. युरोपीय संघाचे अंदाजपत्रक सदस्य देशांच्या एकूण उत्पन्नाच्या सुमारे १ टक्का असते. एका व्याजदराला बांधलेले देश, पण करवसुली, पेन्शन आणि कर्ज ज्याचे त्याचे, आणि सुरुवातीला बँकांवरची देखरेखही. हे अपुरेपण कोलना ठाऊक होते, देलोरनाही होते. आधी चलन आणू, उरलेले संकटे करून घेतील, असा त्यांचा होरा होता. होरा खरा ठरला. किंमत कोणी मोजायची ते तेव्हा कोणी बोलले नाही.

पहिली दहा वर्षे सुगीची गेली, आणि विष त्या सुगीतच कालवलेले होते. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ग्रीक सरकारला २० टक्क्यांच्या आसपास व्याज मोजावे लागे. युरोत गेल्यावर तेच कर्ज जर्मनीपेक्षा जेमतेम पाव टक्का जास्त दराने मिळू लागले. बाजाराने गृहीत धरले की करारात काहीही लिहिलेले असो, वेळ आली तर श्रीमंत देश हात देतील. उत्तरेच्या बँकांतला पैसा दक्षिणेकडे वाहू लागला. स्पेनमध्ये आणि आयर्लंडमध्ये घरांचे भाव आकाशाला भिडले, ग्रीसमध्ये सरकारी पगार आणि पेन्शन फुगल्या. व्याजदर आता फ्रँकफर्टमधल्या नव्या युरोपीय बँकेत ठरत होता आणि तेव्हा जर्मनी मंदावलेला होता, म्हणून तो कमी होता; तापलेल्या स्पेनला तो घातक होता, पण स्पेनसाठी वेगळा दर कुठून आणणार? शिस्तीच्या नियमांचे म्हणाल तर ते पहिल्यांदा ठळकपणे मोडले ते जर्मनीनेच आणि फ्रान्सने. नोव्हेंबर २००३ मध्ये त्यांच्यावरची कारवाई अर्थमंत्र्यांनी स्थगित केली. पुढे २०१६ मध्ये स्पेन आणि पोर्तुगाल दोषी ठरले तेव्हा त्यांना दंड ठोठावण्यात आला, रक्कम शून्य युरो.

उधळ्या दक्षिणेने युरो बुडवला ही गोष्ट जर्मन वर्तमानपत्रांनी खूप चालवली. ती अर्धीच खरी आहे. २००७ मध्ये स्पेनच्या सरकारवर जीडीपीच्या सुमारे ३६ टक्के कर्ज होते, आयर्लंडवर त्याहून कमी; दोघांचेही अंदाजपत्रक शिलकी होते. नियमांच्या परीक्षेत जर्मनी त्यांच्या मागे होता, त्याच्यावर ६० टक्क्यांहून जास्त कर्ज होते. या दोन देशांना खाली ओढले ते खासगी कर्जाने. सप्टेंबर २००८ च्या शेवटी आयरिश सरकारने एका रात्रीत आपल्या बँकांच्या जवळपास सगळ्या देण्यांची हमी घेतली. बिल्डरांना दिलेली कर्जे बुडाली, ती हमी करदात्यांच्या डोक्यावर आली, आणि २०१० मध्ये देशाची तूट ३० टक्क्यांच्या वर गेली. कराराने तुटीवर डोळा ठेवला होता. बँकांकडे पाहायचे कोणालाच सुचले नव्हते.

ग्रीसचे प्रकरण मात्र सरकारचेच होते. ऑक्टोबर २००९ मध्ये जॉर्ज पापांद्रेऊ यांचे नवे सरकार आले आणि त्याने सांगितले की त्या वर्षीची तूट आधी सांगितल्यापेक्षा कितीतरी मोठी, १२ टक्क्यांच्या पुढे आहे. अंतिम हिशेबात ती १५ टक्क्यांच्याही वर गेली. स्वतःचे चलन असते तर अशा वेळी ते पडू दिले असते; निर्यात आणि पर्यटन स्वस्त झाले असते, लोक एका झटक्यात गरीब झाले असते, पण कामधंदे चालू राहिले असते. पण ग्रीसचा ड्रॅक्मा उरला नव्हता. मग चलनाऐवजी पगार कापायचे, पेन्शन कापायच्या, कर वाढवायचे. मे २०१० मध्ये युरो देश आणि आंतरराष्ट्रीय नाणेनिधी यांनी मिळून ग्रीसला ११० अब्ज युरोचे कर्ज याच अटींवर दिले. त्यातला मोठा वाटा जुनी देणी फेडण्यात गेला, म्हणजे ज्या बँकांनी डोळे मिटून कर्जे दिली होती त्यांच्याकडे. आयर्लंड, पोर्तुगाल, पुन्हा ग्रीस, सायप्रस अशी रांग लागली. काटकसर जितकी केली तितके उत्पन्न घटत गेले आणि कर्जाचे प्रमाण वाढतच राहिले. ग्रीसची अर्थव्यवस्था सुमारे एक चतुर्थांशाने आकसली. बेकारी २७ टक्क्यांवर गेली, तरुणांमध्ये तर निम्म्याहून जास्त. नाणेनिधीने २०१३ मध्ये आपल्या पहिल्या ग्रीक कार्यक्रमाची झाडाझडती घेऊन त्यात लक्षणीय चुका झाल्याचे मान्य केले. ज्यांच्या पेन्शन कापल्या गेल्या त्यांना या कबुलीचा काही उपयोग नव्हता.

२०१२ च्या जुलैत स्पेनच्या दहा वर्षांच्या रोख्यांवरचा व्याजदर साडेसात टक्क्यांच्या वर गेला. स्पेन गेला तर इटली जाणार आणि इटलीला पुरेल एवढा मदतनिधी कोणाकडेच नव्हता. २६ जुलैला लंडनच्या एका परिषदेत युरोपीय मध्यवर्ती बँकेचे अध्यक्ष मारिओ द्रागी म्हणाले की आपल्या अधिकारात राहून युरो वाचवण्यासाठी लागेल ते बँक करेल, आणि ते पुरेसे ठरेल. सप्टेंबरमध्ये त्यांनी अडचणीतल्या देशांचे रोखे अमर्याद विकत घेण्याची योजना जाहीर केली. तिच्याखाली आजवर एकही रोखा विकत घ्यावा लागलेला नाही. हमी देणारा नोटा छापू शकतो एवढे कळल्यावर सट्टेबाजांनी काढता पाय घेतला. माझ्या मते युरो वाचला तो या क्षणी, आणि हेच वाक्य दोन वर्षे आधी उच्चारले गेले असते तर निम्मी पडझड टळली असती.

तरी सामान्य माणसाला युरो फुटणे म्हणजे काय ते दोनदा अनुभवावे लागले. मार्च २०१३ मध्ये सायप्रसच्या बँका जवळजवळ दोन आठवडे बंद राहिल्या. उघडल्या तेव्हा पैसे देशाबाहेर नेण्यावर कडक निर्बंध होते, आणि सर्वात मोठ्या बँकेतल्या १ लाख युरोवरच्या ठेवींचा जवळपास निम्मा भाग अखेर शेअरमध्ये बदलला गेला. सायप्रसच्या बँकेतला युरो आता फ्रँकफर्टच्या बँकेतल्या युरोइतका खरा राहिला नव्हता. दुसरी वेळ २०१५ च्या उन्हाळ्यात अथेन्समध्ये आली. पंतप्रधान अलेक्सिस सिप्रास यांनी कर्जाच्या अटींवर सार्वमत पुकारले, युरोपीय मध्यवर्ती बँकेने ग्रीक बँकांची तातडीची मदत वाढवायला नकार दिला, आणि २९ जूनपासून बँकांना टाळे लागले. एटीएममधून दिवसाला ६० युरो मिळत. लवकरच वीसच्या नोटा संपल्या, म्हणून हातात पन्नासच पडायचे. कार्ड नसलेल्या पेन्शनरांसाठी काही शाखा उघडल्या आणि म्हाताऱ्या माणसांनी पहाटेपासून दारात रांगा लावल्या, आठवड्याच्या १२० युरोंसाठी. ५ जुलैला ६१ टक्के मतदारांनी अटी नाकारल्या. आठवडाभरात सिप्रास यांनी त्याहून कडक अटी स्वीकारल्या, कारण दुसरा रस्ता ड्रॅक्माकडे जात होता आणि त्या रस्त्याने जायची लोकांची तयारी नव्हती. काटकसर नको, पण युरो हवा, हे ग्रीक जनतेचे म्हणणे होते. चलनसंघात ते दोन्ही एकत्र मिळत नव्हते.

या सगळ्यातून सुधारणा झाल्या, प्रत्येक पहाटेपर्यंत चाललेल्या बैठकीत थोडी थोडी. ५०० अब्ज युरो कर्जाऊ देऊ शकेल असा कायमचा मदतनिधी २०१२ मध्ये उभा राहिला. २०१४ पासून मोठ्या बँकांवर देखरेख थेट युरोपीय मध्यवर्ती बँकेकडे आली. बँक बुडाली तर आधी भागधारक आणि रोखेधारकांनी झळ सोसायची, करदात्याने नंतर, हा नियम झाला. सगळ्यात मोठी उडी कोविडने मारायला लावली. जुलै २०२० मध्ये चार दिवस आणि चार रात्री भांडून २७ देशांच्या नेत्यांनी ७५० अब्ज युरोचा निधी मंजूर केला, त्यातले ३९० अब्ज परत न करण्याच्या बोलीवर. हा पैसा युरोपीय संघाने स्वतःच्या नावाने बाजारातून उचलला आणि त्याची फेड २०५८ पर्यंत चालेल. त्याच्या दहा वर्षे आधी बर्लिनमध्ये कोणी हे सुचवले असते तर त्याची हेटाळणी झाली असती. तरीही हे एकवेळचेच, असे त्यावर ठळक अक्षरांत लिहून ठेवले आहे.

मंडेल यांचा प्रश्न अधूनमधून डोके वर काढतोच. ऑगस्ट २०२२ मध्ये एस्टोनियात महागाई २५ टक्क्यांच्या वर होती आणि फ्रान्समध्ये ७ टक्क्यांच्या आत, पण व्याजदर दोघांना एकच. तुटीचे नियम २०२४ मध्ये पुन्हा लिहिले गेले. प्रत्येक देशाला आता चार ते सात वर्षांत सुधारण्याचा वेगळा मार्ग आखून मिळतो, मात्र ३ आणि ६० हे आकडे तसेच आहेत. ग्रीसचे कर्ज जीडीपीच्या दोनशे टक्क्यांवरून बरेच खाली आले, त्याचे रोखे पुन्हा गुंतवणुकीच्या लायकीचे ठरले, आणि आता काळजी केली जाते ती फ्रान्सच्या तुटीची. मदतनिधी ग्रीससाठी पुरला. फ्रान्ससाठी पुरेल असा निधी नाही आणि होणारही नाही, कारण तो निधी भरणाऱ्यांत दुसरा मोठा देश फ्रान्सच आहे.

बँकेतल्या ठेवीला आज २१ ही देशांत सारखेच, १ लाख युरोपर्यंतचे संरक्षण आहे. बँक बुडाली तर ते पैसे त्या त्या देशाच्याच विमा निधीतून यायचे. सगळ्यांचा मिळून एक ठेवविमा करण्याचा प्रस्ताव युरोपीय आयोगाने नोव्हेंबर २०१५ मध्ये, अथेन्समधल्या रांगा ओसरल्यानंतर चार महिन्यांनी मांडला होता. त्याचा कायदा अजून झालेला नाही.